स्वतःच्या मेखांविरुद्ध लिहिणारा लोहार

१९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या गिर्यारोहकांना युरोपातून आलेली लोखंडी मेख साधारण २० सेंटला मिळत असे. कड्याच्या भेगेत हातोड्याने ठोकायची, तिच्यात कॅराबिनर, म्हणजे उघडमीट होणारी धातूची कडी, अडकवायचा, त्यातून दोर ओवायचा आणि वर सरकायचं, एवढंच तिचं काम. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या बरबँक गावात, आईवडिलांच्या घराच्या परसात, अठरा वर्षांचा एक पोरगा दिसायला तशीच मेख घडवू लागला आणि तिला दीड डॉलर भाव लावला. म्हणजे साडेसात पट. जाहिरात नाही, दुकान नाही, आणि मेख खपत होती.

पोराचं नाव इव्हाँ शुइनार्ड. पुढे याच माणसाने पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी काढली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलर किमतीची ती कंपनी एक ट्रस्ट आणि एका ना-नफा संस्थेच्या हवाली केली. त्याच्यावर मराठीत जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक या दानापासून सुरू होतं. मला त्याआधीची गोष्ट जास्त कामाची वाटते. भट्टी, ऐरण आणि गाडीच्या डिकीत भरलेला माल एवढ्यावर चाललेला धंदा १९५७ ते १९७२ या काळात कसा उभा राहिला, आणि ज्या मालावर तो उभा होता तोच माल मालकाने का मोडीत काढला, हे या प्रकरणात पाहायचं आहे. छंदाचा धंदा करू म्हणणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. त्यांच्याशी बोलताना मी हेच उदाहरण घेऊन बसतो, कारण त्यातला निम्मा भाग त्यांना आवडत नाही.

शुइनार्डचा जन्म १९३८ चा, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यातला. घर फ्रेंच-कॅनेडियन वळणाचं, वडील प्लंबिंगपासून सुतारकामापर्यंत सगळं हाताने करणारे. कुटुंब कॅलिफोर्नियात आलं तेव्हा तो लहान होता. चौदाव्या वर्षी त्याला ससाणे पाळून त्यांना शिकार शिकवणाऱ्या एका मंडळाचा नाद लागला. ससाण्यांची घरटी उभ्या कड्यांवर असतात. तिथवर पोचायला मंडळातल्या एका मोठ्या माणसाने पोरांना दोरावरून उतरायला शिकवलं. पोरांना ससाण्यांपेक्षा उतरण्यातच गोडी वाटू लागली, आणि मग उतरतोच आहोत तर चढून का पाहू नये, असं होत होत तो कॅलिफोर्नियातल्याच योसेमिटीच्या खोऱ्यात जाऊन पोचला.

योसेमिटीचे कडे आपल्या सह्याद्रीसारखे नाहीत. आपला बेसॉल्ट थराथराचा, जागोजागी ठिसूळ; लांब, स्वच्छ, सरळ भेग मिळाली तर नशीब. तिथला ग्रॅनाइट तुळतुळीत, आणि त्यात शेकडो फूट सरळ जाणाऱ्या भेगा. असे कडे एका दिवसात होत नाहीत. कड्यावरच रात्री काढाव्या लागतात आणि मेख शेकडो वेळा ठोकावी लागते. युरोपातली मेख मऊ लोखंडाची होती. एकदा ठोकली की ती भेगेच्या आकाराप्रमाणे वाकायची आणि तिथेच सोडून द्यायची, अशी तिकडची पद्धत. उपटायला गेलं तर डोकं तुटायचं. शेकडो मेखा पाठीवर घेऊन कोण चढणार? म्हणून हवी होती कडक पोलादाची मेख, पाठीमागून येणाऱ्याने ठोकून काढायची आणि पुन्हा वापरायची.

ही कल्पनाही शुइनार्डची नव्हती. जॉन सालाथे नावाच्या, मूळच्या स्विस लोहाराने १९४० च्या दशकातच कडक पोलादाच्या मेखा घडवल्या होत्या. फोर्डच्या जुन्या मोटारीच्या आसापासून त्या केल्या, अशी गोष्ट गिर्यारोहक आजही सांगतात. पण सालाथेने त्या स्वतःपुरत्या आणि जवळच्या चारदोघांपुरत्या केल्या. १९५७ पर्यंत तो या खेळातून बाहेरही पडला होता. वस्तू सिद्ध झालेली, गरज वाढत चाललेली आणि बनवणारा कोणी नाही, अशी मोकळी जागा होती. शुइनार्डला ती दिसली, कारण त्यालाच मेखा हव्या होत्या आणि कुठे मिळत नव्हत्या.

त्याने भंगारातून कोळशाची जुनी भट्टी घेतली, १३८ पौंडांची ऐरण घेतली, सांडशा आणि हातोडे घेतले आणि लोहारकाम आपलं आपण शिकला. पहिल्या मेखा कापणी यंत्राच्या जुन्या पात्यापासून केल्या. त्या त्याने आणि टी. एम. हर्बर्ट या त्याच्या जोडीदाराने योसेमिटीत लॉस्ट ॲरो चिम्नी या उभ्या, रुंद भेगेत आणि सेंटिनेल रॉकच्या उत्तर कड्यावर वापरून पाहिल्या. मित्रांनी मागितल्या, मग मित्रांच्या मित्रांनी. पुढे क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद वापरायला सुरुवात झाली.

आता जरा हिशेब मांडू. तो तासाला दोन मेखा घडवू शकत होता. म्हणजे तासाचे तीन डॉलर, त्यातून पोलाद आणि कोळसा वजा. त्या वेळी अमेरिकेत कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला एक डॉलर होती. मजुरी म्हणून ही कमाई वाईट नाही. धंदा म्हणून मात्र ती हाताच्या वेगाशी बांधलेली आहे. हात थांबला की गल्ला थांबला. त्यात कॅराबिनर करायचे तर साचा लागणार होता, आणि त्या ठोकघडाईच्या साच्यासाठी त्याने आईवडिलांकडून ८२५ डॉलर ३५ सेंट उसने घेतले. या रकमेला दीड डॉलरने भागा. साधारण ५५० मेखा होतात, तासाला दोन या वेगाने पावणेतीनशे तासांची घणाघात मजुरी, तीही एक सेंट खर्च न धरता. अठरा वर्षांच्या पोराच्या अंगावरचं हे पहिलं कर्ज. शेवटच्या सेंटपर्यंतची रक्कम त्याला पुढे कित्येक दशकं आठवत होती, यात मला नवल वाटत नाही. पहिलं कर्ज असंच लक्षात राहतं.

मग हा धंदा टिकला कसा? लोक याला जिद्द म्हणतात. मी म्हणेन, त्याचा खर्चच जवळपास शून्य होता. जागेचं भाडं नाही, बायकोमुलं नाहीत. हिवाळ्यात भट्टी पेटवायची, एप्रिल ते जुलै योसेमिटीत चढायचं, ऊन वाढलं की वायोमिंग, कॅनडा किंवा आल्प्स, आणि बर्फ पडेपर्यंत पुन्हा योसेमिटी. माल गाडीतून विकायचा. किनाऱ्यावर लाटा चांगल्या असतील तेव्हा ऐरण गाडीत टाकून तिकडेच न्यायची, वाळूत बसून छिन्नी-हातोड्याने मेखा कापायच्या आणि मधल्या वेळात सर्फिंग करायचं. कधी कधी आठवडेच्या आठवडे दिवसाला ५० सेंट ते एक डॉलरमध्ये भागवायचं. एका उन्हाळ्यात तर पोचे पडलेल्या डब्यांतलं मांजरांचं अन्न खोकी भरून विकत घेतलं आणि तेच खाल्लं. १९६२ मध्ये ॲरिझोनातल्या विन्स्लो गावी मालगाडीतून फुकट फिरताना पकडला गेला आणि उपजीविकेचं साधन नसताना भटकल्याबद्दल १८ दिवस कोठडीत काढले. या वेळी तो काही वर्षांचा कारखानदार होता, हे विसरायचं नाही.

म्हणून ठाण्यात फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्या, दोन मुलांची शाळा सांभाळणाऱ्या माणसाने ‘शुइनार्डने केलं, मग मीही नोकरी सोडतो’ असं म्हटलं, की मी त्याला मांजरांच्या अन्नाची गोष्ट आधी सांगतो. त्या पोराचं खरं भांडवल त्या राहणीत होतं. ८२५ डॉलर हा त्यातला लहान हिस्सा.

त्यानंतर सैन्याची सक्तीची भरती आली आणि कोरियात पाठवणी झाली. तिथेही त्याने कडे शोधलेच. १९६४ मध्ये परत आल्यावर रॉयल रॉबिन्स, टॉम फ्रॉस्ट आणि चक प्रॅट या गिर्यारोहकांबरोबर योसेमिटीतल्या एल कॅपिटन या कड्याची नॉर्थ अमेरिका वॉल ही भिंत पहिल्यांदा चढून गेला. त्याच वर्षी त्याने पहिलं दरपत्रक काढलं, सायक्लोस्टाइल केलेला एकच कागद. त्यात गिऱ्हाइकांना बजावलं होतं की मे ते नोव्हेंबर या काळात माल लवकर मिळेल अशी आशा धरू नका. वर्षातले सात महिने. पुण्यातल्या दुपारी बंद राहणाऱ्या दुकानांची आपण उगाच चेष्टा करतो.

गिऱ्हाईक मात्र रागावलं नाही. मालक सात महिने कुठे असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्याच कड्यांवर, त्याच मेखांना लटकलेला. मेख तुटली तर पहिला पडणार तो स्वतः. दुसऱ्या कोणत्या हमीची गरजच नव्हती. गंमत म्हणजे दर्जा तपासण्यासाठी त्याने वेगळा खर्च कधी केला नाही, त्याची सुट्टीच दर्जा-तपासणी होती.

१९६५ मध्ये टॉम फ्रॉस्ट भागीदार झाला. तो विमानशास्त्राचा अभियंता आणि तेवढाच कसलेला चढाईपटू. दोघांची जोडी जुनी होती. १९६० मध्ये त्यांनी पोस्टाच्या तिकिटाएवढी एक मेख तयार केली होती, केसाएवढ्या भेगांत बसणारी. आता त्यांनी उपलब्ध असलेलं जवळजवळ प्रत्येक साधन हातात घेतलं आणि अधिक हलकं, अधिक मजबूत, अधिक साधं करायला सुरुवात केली. कारखाना व्हेंच्युरा या समुद्रकाठच्या गावी, एका बंद पडलेल्या मांस-प्रक्रिया कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवला. कामाला मित्रच, भरती आली की घण टाकून लाटांवर पळणारे.

१९७० पर्यंत शुइनार्ड इक्विपमेंट ही अमेरिकेत गिर्यारोहणाचं लोखंडी सामान विकणारी सर्वांत मोठी कंपनी झाली. आणि नफा? वर्षाअखेरीस जेमतेम एक टक्का उरायचा. दोघांना दर थोड्या दिवसांनी नवी, अधिक चांगली रचना सुचायची. मग अजून तीन वर्षं सहज चालला असता असा साचा भंगारात जायचा आणि नव्या साच्याचा खर्च उभा राहायचा. हिशेबनीस माणूस हे होऊ देत नाही. पण हिशेबनीस माणसाच्या हातून अशी मेखही घडत नाही, आणि हा पेच छंदातून निघालेल्या प्रत्येक धंद्यात कुठेतरी दिसतो. वाद्यं बनवणारे, बांधणी करणारे, घरगुती चॉकलेटवाले, कोणालाही विचारून पाहा. माल उत्तम, बाजारात नाव पहिलं, आणि मार्चमध्ये खिसा रिकामा.

यानंतर जे घडलं त्यासाठीच मी हे प्रकरण निवडलं.

कडक पोलादाची मेख पुन्हा वापरता येते, हाच तिचा मोठेपणा. पण पुन्हा वापरायची म्हणजे दर वेळी ठोकायची आणि दर वेळी ठोकूनच काढायची. त्याच त्या लोकप्रिय मार्गांवर, त्याच त्या भेगांत. १९६० च्या दशकात चढणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि ग्रॅनाइटच्या नाजूक भेगांच्या कडा उडू लागल्या, बोटभर भोकं पडू लागली. १९७० च्या सुमारास शुइनार्ड एल कॅपिटनवरचा ‘नोज’ हा मार्ग चढून आला. काही वर्षांपूर्वी पाहिलेल्या भेगांची दशा पाहून त्याचं मन विटलं. घाव घालणारे हात वेगवेगळे होते, मेखा बहुतेक त्याच्या.

मेखा हा तेव्हा कंपनीच्या विक्रीचा मुख्य आधार होता. भागीदारांनी ठरवलं की मेखांच्या धंद्यातून हळूहळू बाहेर पडायचं.

पर्याय ब्रिटनमध्ये होता. तिथले गिर्यारोहक कड्याकडे जाताना रेल्वेच्या रुळांलगत सापडलेले नट दोरीत ओवून भेगांमध्ये अडकवायचे. हातोडा नको, घाव नको. वरच्या रुंद जागेतून आत सरकवायचं, खालच्या अरुंद जागेत पाचरीसारखं बसवायचं, आणि मागून येणारा हातानेच काढून घेणार. रॉयल रॉबिन्सने ही रीत अमेरिकेत आणली आणि १९६७ मध्ये योसेमिटीत एक अख्खा नवा मार्ग फक्त नट वापरून चढून दाखवला. तरी लोकांचा विश्वास बसत नव्हता. मेख ठोकताना वाढत जाणारा टणटण आवाज येतो आणि त्या आवाजानेच जीव थाऱ्यावर येतो. हाताने खोचलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर आयुष्य टांगायला कोण तयार होणार?

शुइनार्ड आणि फ्रॉस्टने या पाचरी ॲल्युमिनियमच्या, नेमक्या आकारांच्या आणि भरपूर मापांच्या केल्या. स्टॉपर आणि हेक्सेंट्रिक अशी त्यांची नावं. आणि १९७२ मध्ये त्यांनी आपलं पहिलं खरं कॅटलॉग छापलं. त्याच्या सुरुवातीलाच मालकांचं निवेदन होतं की मेखांनी कड्यांची नासाडी होते आहे. पुढे डग रॉबिन्सन या गिर्यारोहकाचा १४ पानांचा लेख, पाचरी कशा वापरायच्या, कुठे बसवायच्या आणि मुळात का वापरायच्या यावर. दरपत्रकात १४ पानं, आणि त्यात विकायच्या मुख्य मालाविरुद्धचा युक्तिवाद.

काही महिन्यांत मेखांची विक्री आटली. पाचरींची मागणी मात्र इतकी वाढली की बनवणं पुरं पडेना. पुढच्या वर्षी शुइनार्ड ब्रूस कार्सन या गिर्यारोहकाबरोबर तोच ‘नोज’ हातोड्याविना चढला. म्हणजे कॅटलॉगमध्ये लिहिलेलं खरं आहे याची पावती मालकाने पुन्हा एकदा स्वतःच्या जिवावर दिली.

या निर्णयाला नुसतं नैतिक धाडस म्हणून सोडून देणं मला पटत नाही. धाडस होतंच. पण त्यात धंद्याचा विचारही पक्का होता, त्यांनी तो तसा मांडला असो वा नसो. एक तर मेख टिकाऊ होती; एकदा घेतलेली वर्षानुवर्षं चालायची, गिऱ्हाईक पुन्हा यायला वेळ लागायचा. नव्या पद्धतीत प्रत्येकाला मापांचा अख्खा संच नव्याने घ्यावा लागणार होता. दुसरं, भेगा अशाच खराब होत राहिल्या असत्या तर ज्या खेळावर हे दुकान चालत होतं त्या खेळाचं मैदानच गेलं असतं. तिसरं, पर्याय तयार असताना जुना माल मागे घेतला. पाचरी हातात नसत्या आणि नुसतं ‘मेखा वाईट’ असं लिहिलं असतं, तर गिऱ्हाईक गेलं असतं शेजारच्याकडे. नवं वापरायला शिकवण्याचा खर्चही त्यांनी स्वतः उचलला, त्या १४ पानांच्या रूपात. आपल्याकडे नवं उत्पादन काढणारे बहुतेक इथेच चुकतात. वस्तू बाजारात ठेवतात आणि लोकांना कळत नाही म्हणून लोकांवर चिडतात.

कपड्यांची गोष्ट याच सुमारास, जवळजवळ अपघाताने सुरू झाली. तेव्हा अमेरिकन गिर्यारोहक जुन्या बाजारातले पांढरे शर्ट आणि कापून आखूड केलेल्या खाकी विजारी घालून चढायचे. १९७० च्या हिवाळ्यात स्कॉटलंडला गेलेल्या शुइनार्डने रग्बीचा जाड शर्ट विकत घेतला, निळा, छातीवर दोन लाल आणि एक पिवळा पट्टा. त्याची ताठ कॉलर खांद्यावरच्या सामानाच्या पट्ट्याने मान कापू देत नव्हती, म्हणून तो आवडला. मित्र विचारू लागले, हा कुठे मिळाला. मेखांच्या वेळी घडलं तेच पुन्हा घडलं. इंग्लंडहून थोडे शर्ट मागवले, ते लगेच संपले. मग झोडपता पाऊस अडवणारे अंगरखे, लोकरी हातमोजे, टोप्या. लोखंडी सामानावर उरायचा एक टक्का. कपड्यांत ती कसर भरून काढण्याची ताकद होती. १९७३ मध्ये कपड्यांना वेगळं नाव दिलं, पॅटागोनिया. हत्यारांच्या नावाला कापडाचा वास लागू नये हा त्यामागचा एक विचार.

आणि लगेच ठेच लागली. हाँगकाँगच्या एका कारखान्याला महिन्याला ३,००० रग्बी शर्टांचं काम दिलं. माल उशिरा आला, धुतला की आटला, शिवण सुमार. मिळेल त्या भावाला काढावा लागला आणि कंपनी बुडता बुडता राहिली. मेखेच्या बाबतीत पोलाद कुठे किती तापवायचं हे मालकाच्या बोटांना माहीत होतं. कापडाच्या बाबतीत तो साधा गिऱ्हाईक होता, एवढाच फरक. १९७५ च्या अखेरीस फ्रॉस्ट दांपत्य भागीदारीतून बाहेर पडलं. कापड शिकायला शुइनार्ड आणि त्याची बायको मेलिंडा यांना पुढची बरीच वर्षं लागली, तो भाग इथे नको.

भट्टीतून निघालेल्या मूळ कंपनीचं काय झालं? १९८० च्या दशकात तिच्यावर नुकसानभरपाईचे दावे येऊ लागले. शुइनार्डच्या सांगण्यानुसार माल सदोष होता अशी तक्रार त्यांत नव्हती. धोक्याची सूचना पुरेशी दिली नाही, असा रोख होता. दावेदारांत खिडक्या पुसणारा होता, प्लंबर होता, रस्सीखेचीसाठी चढाईचा दोर वापरून घोटा मोडून घेतलेला एक जण होता. विम्याचे हप्ते अंगावर आले. १९८९ मध्ये शुइनार्ड इक्विपमेंटने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं. पीटर मेटकाफच्या पुढाकाराने कंपनीतल्याच लोकांनी साचे, यंत्रं आणि उरलेला धंदा विकत घेतला, त्याला ब्लॅक डायमंड असं नवं नाव दिलं आणि १९९१ मध्ये बाडबिस्तारा युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला हलवला.

म्हणजे ज्या गोष्टीचं वेड होतं ती कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली, आणि बाजूला सुरू केलेल्या शर्टांनी अब्जावधी उभे केले. व्हेंच्युरातली ती पत्र्याची शेड पॅटागोनियाच्या आवारात अजून उभी आहे. सालाथेच्या नमुन्यावरून घडवलेली ‘लॉस्ट ॲरो’ मेख मात्र ब्लॅक डायमंडच्या यादीत आहे. जिथे कुठलीच पाचर बसत नाही अशा भेगा अजूनही सापडतात, आणि तिथे जाणारे चारदोन लोक ती विकत घेतात.